कर तुमचा, कायदा तुमचा, आग मात्र आमच्या दुकानाला : मेलबर्नच्या एका दुकानदाराचे खुले पत्र

प्रति,
माननीय जॅसिंटा ॲलन, प्रीमियर (मुख्यमंत्री), व्हिक्टोरिया राज्य, स्प्रिंग स्ट्रीट, मेलबर्न
माननीय जिम चाल्मर्स, केंद्रीय अर्थमंत्री, कॅनबेरा

ऑक्टोबर २०२५

स.न.वि.वि.

दोघांना मिळून हे एकच पत्र लिहितो आहे. वेगवेगळी पत्रे लिहिली की काय होते, ते मेलबर्नमधल्या कोणत्याही छोट्या दुकानदाराला विचारा. राज्याच्या दारात गेले की कळते, सिगारेटवरचा कर हा कॅनबेराचा विषय. कॅनबेराच्या दारात गेले की कळते, दुकानांचे परवाने आणि पोलीस हा राज्याचा विषय. दोन्ही उत्तरे खरी आहेत. आणि या दोन खऱ्या उत्तरांच्या मधल्या फटीत मार्च २०२३पासून या राज्यात, मुख्यतः या शहरात, सव्वाशेहून अधिक जाळपोळी झाल्या आहेत. बहुतेक तंबाखूच्या दुकानांच्या. काही अशा दुकानांच्या, ज्यांचा तंबाखूशी काडीचा संबंध नव्हता.

पत्राची इंग्रजी प्रत आपल्या दोघांच्या कार्यालयांत पाठवली आहे. मराठीतही लिहितो, कारण टार्नीट, ट्रुगनिना, वेरिबी, पॉइंट कुक या मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या भागांत काउंटरमागे उभी राहणारी बरीच माणसे माझ्या भाषेची आहेत. शिवाय सांगली-नागपूरकडे बसलेले त्यांचे आईवडील 'तिकडे नक्की चाललेय काय?' असे फोनवर विचारत असतात आणि पोरे 'काही नाही, सगळे ठीक आहे' म्हणून विषय बदलतात.

पत्राला निमित्त दोन तारखांचे आहे. १ जुलै २०२५ला व्हिक्टोरियात तंबाखू विकण्यासाठी परवाना पद्धत सुरू झाली, पण तिची अंमलबजावणी सुरू होणार १ फेब्रुवारी २०२६ला. म्हणजे सात महिने सवलत. आणि १ सप्टेंबर २०२५ला केंद्राने सिगारेटवरचा कर पुन्हा वाढवला, त्याला सवलत नाही. बेकायदा माल विकणाऱ्याला मुदत आणि कायदेशीर माल विकणाऱ्यावर आणखी बोजा, असा या दोन निर्णयांचा एकत्रित अर्थ आमच्या रस्त्यावर लागला आहे. तो आपणा दोघांपैकी कोणाच्याच मनात नसेल. पण लागला आहे.

मी मूळचा मिरजेचा. मेलबर्नच्या पश्चिमेला माझे मिल्क बार आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, मिल्क बार म्हणजे वस्तीतले कोपऱ्यावरचे दुकान : दूध, पाव, वर्तमानपत्र, थंड पेये, पोरांसाठी गोळ्या-आइस्क्रीम. एकेकाळी ग्रीक आणि इटालियन कुटुंबे ही दुकाने चालवत, आता बऱ्याच ठिकाणी आम्ही आहोत. माझ्याकडे एका फळीवर जाडे पोहे, मेतकूट आणि बाकरवडीही मिळते. सिगारेटीही मी विकतो. सगळ्या कर भरलेल्या, कायदा सांगतो तशा बंद कपाटात, गिऱ्हाइकाला दिसणार नाहीत अशा. सिगारेटवर सुटते थोडेच, पण सिगारेटला आलेला माणूस जाताना दूध-पाव घेऊन जातो. तो माणूस आता येत नाही. तो चार दुकाने सोडून पलीकडे जातो, जिथे पाकीट निम्म्याहून कमी किमतीत मिळते, आणि दूधही तिथेच घेतो.

गेल्या वर्षी दोन तरुण दुकानात आले. कपडे चांगले, बोलणे अगदी अदबीचे. काउंटरवर एक खोके ठेवून म्हणाले, हे ठेवा, विका, निम्मे तुमचे. मी नको म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. फोन काढून दुकानाचे आतून चित्रीकरण केले, मागच्या दारापर्यंत, आणि जाताना माझ्या बायकोला 'सी यू, आंटी' म्हणाले. ती आजही दाराची घंटी वाजली की आधी माझ्याकडे बघते.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याच ओळीतले एक तंबाखूचे दुकान पहाटे पेटले. चोरीची गाडी काचेत घुसवली, पेट्रोल ओतले आणि दुसऱ्या गाडीतून पसार. त्या दुकानाच्या आणि माझ्या मध्ये एका बाईंचे केस कापण्याचे दुकान होते. ते गेले. त्यांनी आयुष्यात सिगारेट विकली नव्हती. माझ्याकडे धूर शिरला आणि बंबाचे पाणी. फ्रीजमधला माल फेकला, छत बदलले. नंतर विम्याच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा विमा कंपनीने रक्कम जवळजवळ दुप्पट सांगितली. कारण विचारले, तर तुमच्या ओळीत तंबाखूचे दुकान आहे म्हणाले. आता ते दुकान कुठे आहे, मी म्हटले, तिथे फक्त पत्रे आहेत. त्यावर, पुन्हा उघडेल ना, हे उत्तर. आणि उघडले. दुसऱ्या नावाने, त्याच मालासह.

चाल्मर्ससाहेब, आधी आपल्याशी बोलतो.

तंबाखूची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. माझ्या सख्ख्या मामांचा जबडा मिरजेच्या इस्पितळात काढावा लागला होता, त्यामुळे तंबाखू काय करते हे मला जाहिरातीतून कळलेले नाही. सिगारेट महाग केली की माणसे सोडतात, हेही मला मान्य आहे. ऑस्ट्रेलियाने ते जगाला करून दाखवले. २०१०मध्ये करात एकदम २५ टक्के वाढ, डिसेंबर २०१२मध्ये पाकिटांवरून कंपन्यांचे रंग आणि चिन्हे गायब, मग २०१३ ते २०२० दरवर्षी साडेबारा टक्के वाढ. लोकांनी सोडली. तेवढे श्रेय आपल्या आधीच्या सरकारांना आहेच.

प्रश्न त्यानंतरचा आहे. सरकारच्या स्वतःच्या पाहणीत १४ वर्षे आणि त्यावरील लोकांत रोज सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण २०१९मध्ये ११ टक्के होते, २०२२-२३मध्ये ८.३ टक्के झाले. म्हणजे सुमारे एक चतुर्थांश घट. त्याच सुमारास तंबाखूच्या कराचे उत्पन्न २०१९-२०मध्ये १६ अब्ज डॉलरच्या वर होते, ते २०२३-२४मध्ये १० अब्जांच्या खाली आले. घट चाळीस टक्क्यांच्या घरात, आणि तीही या काळात कराचा दर वाढत असताना. गेल्या मार्चमध्ये आपण मांडलेल्या अर्थसंकल्पात हा अंदाज आणखी खाली, साडेसात अब्जांच्या आसपास होता. ओढणारे एवढे घटले नाहीत जेवढा कर घटला, तर मधली माणसे कुठली सिगारेट ओढतात? हिशेब मांडायला अर्थखाते लागत नाही. माझ्या दुकानासमोरच्या बसथांब्यावरची कचऱ्याची पेटी उघडली तरी पुरते : मँचेस्टर, डबल हॅपिनेस, इथला कर कधीही न भरलेली पाकिटे.

आज एका सिगारेटवर सुमारे दीड डॉलर कर आहे. वीसच्या पाकिटावर तीस डॉलर. कायदेशीर पाकीट चाळीसच्या वर जाते, चोरटे पंधरा-वीसला मिळते आणि त्यातही विकणाऱ्याला भरपूर सुटते. चाळीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे एक कोटी सिगारेटी मावतात. एका कंटेनरमागे दीड कोटी डॉलरचा कर चुकतो. एवढा पैसा समोर असताना दोन-चार कंटेनर पकडले गेले तर टोळीला ते धंद्यातले नुकसान वाटते, शिक्षा वाटत नाही. बॉर्डर फोर्स, म्हणजे बंदरांवर माल तपासणारे केंद्राचे दल, अब्जावधी सिगारेटी पकडते. आपण जानेवारी २०२४मध्ये १८ कोटी ८५ लाख डॉलर आणि मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात आणखी १५ कोटी ६७ लाख डॉलर या कामासाठी ठेवलेत. तरी रस्त्यावरचा भाव वाढलेला नाही. बेकायदा मालाचा भाव वाढत नसेल तर पुरवठा तुटलेला नाही, हे भाजीबाजारात बसणाऱ्या बाईलाही कळते.

जूनमध्ये न्यू साउथ वेल्सच्या प्रीमियरनी कराचा पुनर्विचार करा म्हटले तेव्हा आपण नकार दिलात. कर कमी करून प्रश्न सुटणार नाही, असे आपले मत आहे. बरे, नसेल सुटत. पण तीन वर्षे दरसाल पाच टक्के जादा वाढ करून तो सुटला का, याचा जाब कोणी द्यायचा?

इथे महाराष्ट्रातल्या माणसाला एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या राज्याने जुलै २०१२मध्ये गुटखाबंदी केली. हेतू उत्तम. आज कुठल्याही एसटी स्टँडबाहेर जा आणि खाली वाकून मागा. बंदीने गुटखा गेला नाही, त्याची पावती गेली. तिथे निदान टपऱ्या पेटत नाहीत.

ॲलनबाई, आता आपण.

या राज्याने १९८७मध्ये तंबाखूवर जो कायदा केला तो जगात नावाजला गेला. तंबाखूच्या पैशातून आरोग्यासाठी संस्था उभी केली, खेळांवरच्या सिगारेट कंपन्यांच्या जाहिराती विकत घेऊन हटवल्या. त्याच राज्यात पोर्ट फिलिपच्या पाण्यात गळ टाकायला परवाना लागतो, बिअर विकायला लागतो, आणि तंबाखू विकायला या जुलैपर्यंत लागत नव्हता. कोण विकतो याची यादीच सरकारकडे नव्हती. २०२२मध्ये आपल्याच बेटर रेग्युलेशन व्हिक्टोरियाने, म्हणजे नियमांचा आढावा घेणाऱ्या सरकारी कार्यालयाने, परवाना पद्धत सुचवली. त्यानंतर पहिल्या जाळपोळी झाल्या, ऑक्टोबर २०२३मध्ये पोलिसांना 'लूनर' नावाचे खास पथक उभारावे लागले, अनेक माणसे पकडली गेली, आणि मग २०२४च्या अखेरीस कायदा झाला. त्यात दंड जबरदस्त आहेत, ते मान्य करतो : बेकायदा माल विकणाऱ्या व्यक्तीला साडेतीन लाख डॉलरच्या वर दंड किंवा १५ वर्षांपर्यंत कैद, कंपनीला १७ लाख डॉलरच्या वर.

आणि हा कायदा राबवायला निरीक्षक किती? चौदा.

एवढ्या मोठ्या राज्यासाठी, मिल्डुरापासून माल्लाकूटापर्यंत, चौदा. त्यांत रजेवर गेलेले, प्रशिक्षणात असलेले धरले तर किती उरतात ते आपण सांगा. ज्या दुकानामागे टोळी आहे तिथे हे निरीक्षक एकटे जाणार नाहीत, जाऊही नये. त्यांना पोलीस लागतील, आणि पोलीस दलात हजाराच्या आसपास जागा रिकाम्या असल्याचे सांगितले जाते. नवे पोलीस आयुक्त माइक बुश जूनमध्ये रुजू झाले, त्यांना आमच्या शुभेच्छा. पण शुभेच्छांनी रात्रपाळी भरत नाही.

सरकारला घाई करताच येत नाही असे मी म्हटले असते, पण याच वर्षी आपण तसे म्हणायची सोय ठेवली नाहीत. २५ मे, रविवार : प्रेस्टनच्या नॉर्थलँड शॉपिंग सेंटरमध्ये दोन टोळ्या मशेटी, म्हणजे आपल्याकडचा कोयता, घेऊन एकमेकांवर धावून गेल्या. २८ मे, बुधवार, दुपारी बारा : मशेटीच्या विक्रीवर राज्यभर बंदी. तीन दिवस! सप्टेंबरपासून ती बाळगणेही गुन्हा झाले, पोलीस ठाण्यांबाहेर ती टाकायला पेट्या लागल्या. पुण्यात कोयता गँगच्या बातम्या वाचणाऱ्या माझ्या भावाला मी हे सांगितले तेव्हा त्याला हेवा वाटला. मलाही बरे वाटले. फक्त तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही : कोयत्याला तीन दिवस पुरले, मग तंबाखूच्या परवान्याला २०२२ ते २०२६ का लागावीत? नॉर्थलँडचे चित्रीकरण रविवारी दुपारी सगळ्यांनी पाहिले. आमच्या आगी पहाटे तीनला लागतात, एवढाच फरक असेल तर तसे सांगून टाका.

यातल्या एका आगीबद्दल मात्र कोणालाही सांगावे लागत नाही. १६ जानेवारी २०२५च्या पहाटे ट्रुगनिनात एक घर पेटवले गेले. आत २७ वर्षांची तरुणी होती, भावाच्या घराची राखण करायला थांबलेली. पोलिसांच्या मते आग लावणारे चुकीच्या घरी आले होते आणि प्रकार तंबाखूच्या या लढाईशी जोडलेला असावा. ट्रुगनिना हा आमचा भाग आहे. तिथे आमचे गणपती बसतात, तिथे दर दुसऱ्या घरात कोणाच्या तरी ओळखीचे कोणी राहते. चुकीचा पत्ता ही गोष्ट आमच्यापैकी प्रत्येकाने त्या आठवड्यात आपापल्या दारावरच्या क्रमांकाकडे बघून समजून घेतली.

पेटवणारी मुले बहुतेकदा कोवळी असतात. वरचे लोक त्यांना फोनवरच्या ॲपमधून गाठतात, काहीशे डॉलर देतात, चोरीची गाडी देतात. पोर पकडले जाते. ज्याने पैसे दिले तो दुसरे पोर शोधतो. या राज्यात जामिनाचे कायदे किती वेळा बदलले हे मोजणे मी सोडून दिले आहे. २०१७मध्ये जामिनावर सुटलेल्या एकाने बर्क स्ट्रीटवर माणसांवर गाडी घालून केलेल्या हत्याकांडानंतर कडक झाले, कोठडीत एका आदिवासी महिलेच्या मृत्यूनंतर कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने, त्यावर कोरडे ओढल्यावर मार्च २०२४मध्ये सैल झाले, या मार्चमध्ये पुन्हा कडक. दोन्ही वेळा कारण खरे होते. पण टोळीच्या म्होरक्याला या सगळ्याशी काही देणेघेणे नाही, कारण तो आग लावायला कधी स्वतः येतच नाही. पोरांच्या जामिनावर जेवढी चर्चा झाली, तिच्या एक दशांश चर्चा तरी ही दुकाने कोणाच्या नावावर आहेत, भाडे कोण भरते, आणि ती जागा कोणाची, यावर झाली का?

हे लिहितो कारण मी विचारून पाहिले आहे. आमच्या ओळीतल्या त्या दुकानात कर न भरलेला माल उघड विकला जातो, हे मी जळण्याच्या आधीच कळवले होते. एका कार्यालयाने सांगितले, आम्ही फक्त अठरा वर्षांखालच्यांना विक्री होते का ते बघतो. दुसऱ्याने सांगितले, माल बंदरात असता तर आमचा, दुकानात आला म्हणजे आमचा नाही. तिसऱ्याने अर्ज ऑनलाइन भरायला लावला आणि एक क्रमांक दिला. तो क्रमांक अजून माझ्या पाकिटात आहे, दुकान मात्र जळून पुन्हा उघडले. नगरपालिका, राज्याचे आरोग्य खाते, पोलीस, बॉर्डर फोर्स, कर खाते, आणि आता नवी परवाना संस्था. इतके मालक असलेल्या कामाला वाली कोण?

आता आमच्या लोकांविषयी, कारण त्याशिवाय हे पत्र अर्धे राहील. हा माल विकणाऱ्यांत आमचेही लोक आहेत. मराठीही आहेत. काही हावेने विकतात, त्यांची बाजू मी घेणार नाही, कारवाई करा. पण काही जणांच्या दुकानात ते दोन अदबशीर तरुण येऊन गेलेले आहेत. माल ठेवा नाही तर हप्ता द्या, आणि हप्ता दिला नाही तर काय ते तुम्हाला माहीत आहे. काही ठिकाणी दुकान कागदावर एखाद्या विद्यार्थ्याच्या किंवा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाच्या नावावर असते, आणि खरा मालक कधी दिसत नाही. असा पोरगा पोलिसांकडे जाईल? त्याला टोळीची भीती आहेच, त्याहून मोठी भीती व्हिसा जाण्याची आहे. टोळीला हे नीट ठाऊक आहे. म्हणून तर त्याला निवडले.

वर ३१ ऑगस्टला या शहराच्या रस्त्यांवर स्थलांतरितांविरुद्ध मोर्चा निघाला. त्याच्या पत्रकांत भारतीयांचा उल्लेख मुद्दाम होता. शहरातल्या गुन्हेगारीचे खापर आमच्यावर फोडणारी माणसे त्यात होती. त्यांना सांगावेसे वाटते, येऊन आमच्या ओळीत एक रात्र काढा; पण ते जाऊ द्या. माझ्याकडे संध्याकाळी काम करणारा मुलगा नागपूरचा आहे. त्याची आई २०१० अजून विसरलेली नाही, जेव्हा मेलबर्नच्या याराव्हिलमध्ये कामावर निघालेल्या भारतीय तरुणाला भोसकून मारले गेले होते. तेव्हा हा मुलगा प्राथमिक शाळेत होता. मी आता दुकान आठलाच बंद करतो. तोटा होतो, होऊ दे.

आमच्या मागण्या या आहेत.

ॲलनबाई, १ फेब्रुवारीची वाट पाहू नका. परवान्याचा अर्ज प्रामाणिकपणे केलेल्याला मुदत द्या, पण बेकायदा माल विकणे हे परवान्याच्या आधीही बेकायदाच होते. त्यावर आज कारवाई करा. निरीक्षकांची संख्या चौदावरून निदान इतकी करा की वर्षातून एकदा तरी प्रत्येक दुकानात कोणी येऊन जाईल, आणि त्यांच्याबरोबर जाणारे पोलीस त्यासाठीच राखून ठेवा.

दुकान तिथल्या तिथे बंद करण्याचा अधिकार द्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात जूनपासून २८ दिवसांसाठी टाळे ठोकता येते, क्वीन्सलँडमध्येही बंद करण्याची तरतूद आहे. खटला वर्षभराने उभा राहील, शटर त्याच दिवशी खाली यायला हवे. आणि शटरच्या मागे जागेचा मालक असतो. महिन्याचे भाडे बाजारभावाच्या दुप्पट का मिळते हे न विचारणाऱ्या जागामालकालाही जबाबदार धरा. जो प्रामाणिक आहे आणि अशा भाडेकरूला काढू इच्छितो, त्याला करार तोडण्याची सोपी वाट द्या.

चाल्मर्ससाहेब, मी कर रद्द करा म्हणत नाही. पुढची वाढ थांबवा, आणि आजच्या दराने सिगारेट सुटते आहे की फक्त दुकान बदलते आहे, याची स्वतंत्र तपासणी करा. अहवाल लोकांसमोर ठेवा. तो आमच्या म्हणण्याविरुद्ध गेला तर आम्ही ऐकून घेऊ.

जो दुकानदार किंवा कामगार खंडणीची तक्रार पुढे येऊन करतो, त्याच्या व्हिसाला त्या तक्रारीमुळे धक्का लागणार नाही, हे केंद्र सरकारने लेखी जाहीर करावे. मराठी, पंजाबी, गुजराती, तेलुगू, व्हिएतनामी, अरबी, ज्या ज्या भाषेत काउंटरमागे माणूस उभा आहे त्या भाषेत. या एका घोषणेला फारसा पैसाही लागत नाही.

आमच्या ओळीतल्या त्या केस कापणाऱ्या बाईंसारख्यांसाठी मदतनिधी हवा. विमा नाकारला गेलेल्या, दुसऱ्याच्या आगीत जळालेल्या दुकानांसाठी. तंबाखूच्या कराचे जे काही अब्ज अजून येतात त्यांतून तो सहज निघेल.

आणि एक फोन नंबर. एकच. उचलणारा माणूस राज्याचा असो की केंद्राचा, तक्रार घेतल्यावर तिचे पुढे काय झाले हे पंधरा दिवसांत त्याने कळवावे.

एप्रिल २००८मध्ये या शहरातल्या टॅक्सीचालकांनी, त्यांत बहुसंख्य भारतीय होते, एका साथीदाराला भोसकल्यानंतर फ्लिंडर्स स्ट्रीट आणि स्वॉन्स्टन स्ट्रीटच्या चौकात वीस तासांहून अधिक वेळ ठाण मांडले होते. शर्ट काढून, थंडीत. तोपर्यंत टॅक्सीत चालकामागे संरक्षक पडदा बसवणे अवघड होते म्हणे. त्यानंतर सोपे झाले. आम्हाला चौक अडवायचा नाही. दुकान सोडून वीस तास बाहेर बसणे आम्हाला परवडतही नाही.

पण १ फेब्रुवारी २०२६ला रविवार आहे. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता आमच्या भागातले काही दुकानदार स्प्रिंग स्ट्रीटवर पार्लमेंटच्या पायऱ्यांशी येणार आहेत. घोषणा नाहीत, प्रत्येकाच्या हातात आपापल्या तक्रारीचा क्रमांक. आपण दोघांनी, किंवा आपल्या वतीने कोणी, खाली येऊन ते क्रमांक घ्यावेत. किती जण असू ते आत्ता सांगता येत नाही. चौदांहून अधिक असू.

आपला,
मेलबर्नच्या पश्चिम भागातील एक मिल्क बारवाला

(नाव इंग्रजी प्रतीवर आहे. इथे का नाही, ते वर लिहिलेच आहे.)